जन्मांधास रंग कसा सांगावा?

रंग म्हणजे काय, हें डोळस मनुष्यास कोणी समजावून सांगितलेलें नसतें. आई अंगणांतल्या जास्वंदीकडे बोट दाखवून 'लाल' म्हणते आणि मूल तो शब्द उचलतें. वस्तु समोर असते, डोळे उघडे असतात. व्याख्येची गरज पडत नाहीं. परंतु ज्या मुलानें जन्मापासून उजेडच पाहिलेला नाहीं, त्यानें "लाल म्हणजे कसें?" असें विचारलें, तर त्याच आईची वाचा खुंटते. मुलाच्या प्रश्नांत चूक नाहीं, आईच्या प्रेमांत उणें नाहीं. तरी उत्तर सांपडत नाहीं. असें कां व्हावें, आणि अशा वेळीं खरें उत्तर कोणतें, हा प्रश्न वरवर दिसतो तितका पोरकट नाहीं. त्या मुलाचा वडील माणसांवरचा विश्वास त्यांत गुंतलेला असतो.

उत्तर हिंदुस्थानांत अवघड कामास 'टेढी खीर' म्हणतात. त्यामागची गोष्ट महाराष्ट्रांतही पुष्कळांस ठाऊक आहे. एका जन्मांधानें विचारलें, खीर कशी असते? उत्तर मिळालें, पांढरी. पांढरी म्हणजे कशी? बगळ्यासारखी. आणि बगळा कसा? सांगणाऱ्यानें आपला हात मनगटापाशीं वांकवून बगळ्याची मान करून दाखविली. अंधानें तो हात चाचपला आणि म्हटलें, "असली वांकडी खीर घशाखालीं उतरावयाची कशी?" गोष्ट ऐकून लोक अंधास हंसतात. वस्तुतः हंसें व्हावयाचें तें सांगणाऱ्याचें. अंधाचा प्रत्येक प्रश्न मुद्याचा होता. सांगणाऱ्यानें मात्र रंगाचा प्रश्न आला असतां आकार हातीं ठेविला. शिवाय खीर ही चाखावयाची वस्तु. तिची वाटी पुढें करावी, हें त्या शहाण्यास सुचलेंच नाहीं.

अशीच एक गोष्ट जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानें सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या ग्रंथांत नमूद केली आहे. एका अंध मनुष्यानें पुष्कळ विचार करून जाहीर केलें कीं, शेंदरी तांबडा रंग म्हणजे काय तें आपणांस उमगलें. तो तुतारीच्या आवाजासारखा आहे. लॉकचा मुद्दा असा कीं, जी संवेदना ज्या इंद्रियाची, ती त्याच इंद्रियाच्या दारानें आंत येते. शब्दांच्या खिडकींतून ती आंत टाकतां येत नाहीं.

तरीही डोळस माणसें हा प्रयत्न सोडीत नाहींत. 'लाल म्हणजे ऊन, निळा म्हणजे गार' असें पुष्कळ जण हौसेनें सांगतात. आतां या उत्तराची परीक्षा करून पहावी. मुलानें तें खरें मानलें, तर जास्वंदीचें फूल हातास चटका देईल असें त्यास वाटावें. उलट स्टोव्हची निळी ज्योत चिमणीच्या पिवळ्या ज्योतीहून अधिक तप्त असते. तेथें हा नियम सपशेल उलटतो. म्हणजे उपमा देणाऱ्याच्या मनांत विस्तव आणि पाणी होतें, तें त्यानें रंगांच्या नांवावर खपविलें. मूल मोठें होतें, त्यास हें कळतें, आणि आपली समजूत घातली गेली, उत्तर दिलें गेलें नाहीं, हेंही कळतें.

आवाजाची उपमा त्या मानानें जवळची आहे. सूर जसा हवेंतील कंपनांवर अवलंबून असतो, तसा रंग प्रकाशाच्या लहरींवर. लहरींची लांबी नॅनोमीटरांत मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. जांभळ्या प्रकाशाची लहर सुमारें 400 नॅनोमीटरांची, तांबड्याची सुमारें 700 नॅनोमीटरांची; मधल्या जागेंत निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी हे क्रमानें येतात. अंध मनुष्य गाण्याचा जाणकार असेल तर त्यास सांगावें कीं, कान सुमारें दहा सप्तकें ऐकतो, परंतु डोळ्याची सारी मजल एका सप्तकाच्याही आंत संपते. हें ज्ञान खरें आहे, आणि तें देण्यास कसलीच अडचण नाहीं.

परंतु येथेंही उपमा एका ठिकाणीं तुटते. पेटीच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्या, तर जाणता कान दोन्ही सूर निरनिराळे ओळखतो. तांबडा आणि हिरवा प्रकाश मात्र एका ठिकाणीं पाडला, तर डोळ्यास तांबडाही दिसत नाहीं आणि हिरवाही दिसत नाहीं, पिवळा दिसतो. डोळ्याच्या पडद्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या आहेत, आणि त्या तिघींच्या साक्षीची बेरीज करून मेंदु एकच निवाडा देतो. त्या निवाड्याची चव सुरांत नाहीं, स्पर्शांत नाहीं, शब्दांतही नाहीं.

एका इंद्रियाचें ज्ञान दुसऱ्याच्या हवालीं आपोआप होत नाहीं, याचा पुरावा आपल्याच देशांत मिळाला आहे. पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' नांवाच्या उपक्रमांत जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर दिल्लीस शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकीं 8 ते 17 वर्षांच्या पांच मुलांची पाहणी 2011 सालीं प्रसिद्ध झाली. दृष्टि आल्यावर लगेच त्यांस हातानें चाचपलेली वस्तु नुसत्या नजरेनें नीटशी ओळखतां आली नाहीं. थोड्याच दिवसांत मात्र तीं मुलें तें शिकलीं. आकार हा हात आणि डोळा या दोघांनाही कळणारा; तेथें ही स्थिति, तर केवळ डोळ्याचा जो रंग, त्याची कथा काय?

एवढ्यावरून 'जन्मांधास रंगाचें कांहींच कळत नाहीं' असें जो म्हणेल, तो मात्र फसेल. निकोलस साँडर्सन हा इंग्रज गणिती एक वर्षाच्या सुमारास देवीच्या रोगानें दृष्टीस मुकला. 1711 सालीं तो केंब्रिज येथें गणिताचा प्राध्यापक झाला. पूर्वीं न्यूटननें भूषविलेली तीच ही जागा. तेथें त्यानें डोळस विद्यार्थ्यांस प्रकाशशास्त्र शिकविलें. ज्यास रंग कधीं दिसला नाहीं, तो रंगांचे नियम पाहणाऱ्यांस समजावून देत होता!

अमेरिकेंतील लँडॉ आणि ग्लाइटमन या विदुषींनीं एका जन्मांध बालिकेच्या भाषेचा अभ्यास 1985 सालीं प्रसिद्ध केला. शाळेच्या वयाच्या त्या पोरीस ठाऊक होतें कीं, रंग वस्तूंना असतो, विचारांना नसतो; आणि तो डोळ्यांनीं कळतो, हातांनीं नव्हे. हें तिला कोणी एका बैठकींत शिकविलें नव्हतें. घरांतलें बोलणें ऐकतां ऐकतां तिनें तें जुळविलें होतें. मोठ्या जन्मांधांपैकींही कित्येकांस नारिंगी हा तांबड्याचा आणि पिवळ्याचा शेजारी आहे, हें बरोबर सांगतां येतें.

हें ज्ञान उसनें, पोपटपंचीचें, असा आक्षेप कोणी घेईल. त्यानें 1800 सालची एक हकीकत आठवावी. विल्यम हर्शेल यानें लोलकांतून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडून निरनिराळ्या रंगांत उष्णतामापक ठेवले. एक नळी तांबड्याच्याही पलीकडे, जेथें डोळ्यास कांहीं दिसत नाहीं तेथें ठेविली, तों पारा तेथें अधिकच चढला. न दिसणारा प्रकाश असा पाऱ्यानें सांपडला. दुसऱ्या टोकास, जांभळ्याच्या पलीकडला प्रकाश मधमाशीस दिसतो, मनुष्यास नाहीं. तेव्हां या दोन्ही प्रदेशांत प्रत्येक डोळस मनुष्य जन्मांधच आहे. तरी त्याविषयींचें त्याचें ज्ञान कोणी खोटें म्हणत नाहीं. जन्मांधाचें तांबड्याविषयींचें ज्ञान याच जातीचें आहे.

येथें एक भेद ध्यानीं धरावा. ज्याची दृष्टि मोठेपणीं गेली, त्याच्यापाशीं रंगांची स्मृति असते. त्यास 'हळदीसारखा पिवळा' एवढें म्हणणें पुरतें. नभोवाणीवर वर्णन ऐकणाऱ्या डोळस श्रोत्याचें मनही याच आठवणीवर चालतें. जन्मांधास तीच उपमा दिली असतां हळदीचा वास आणि चव आठवते. रंग येत नाहीं.

मग पालकांनीं आणि शिक्षकांनीं काय करावें? पहिली गोष्ट, प्रांजळपणें सांगावें कीं, रंग पाहतांना जें वाटतें, तें शब्दांनीं देतां येत नाहीं; यांत विचारणाऱ्याची बुद्धि कमी नाहीं. दुसरी गोष्ट, जें देतां येतें, तें हात आखडून देऊं नये. कैरी हिरवी असते आणि पिकतां पिकतां पिवळी होते, हें तिचा वास आणि मऊपणा हातीं देऊन सांगावें. नवरीच्या हातांत हिरवा चुडा कां, मंगल कार्यांत काळें वस्त्र टाळणारे लोक संक्रांतीस तेंच कां नेसतात, कोणत्या लुगड्यावर कोणती चोळी शोभते, हें सारें सांगावें. लोकांच्या मनांत रंगांना जो मान, जी भीति आणि जी हौस असते, ती ऐकून पुरती कळते. कपड्यांच्या आंतल्या बाजूस निरनिराळ्या खुणा शिवून दिल्या, तर मूल आपला पोषाख आपणच निवडूं शकतें. वस्तूचा रंग उच्चारून सांगणारीं यंत्रें आणि मोबाइल फोनही आतां मिळतात. परंतु त्या नांवास अर्थ येतो, तो घरांतल्या बोलण्यानेंच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अंध मुलासमोर रंगांचे शब्द गिळूं नयेत. हेलन केलर हिची दृष्टि आणि श्रवण हीं दोन्ही एकोणिसाव्या महिन्यांत गेलीं. तरी तिनें आपल्या लिखाणांत रंगांचीं नांवें नि:संकोच वापरलीं. भाषा ही डोळसांची खाजगी मिळकत नव्हे. ज्या घरांत 'त्याला काय कळणार' म्हणून रंगाचा शब्द टाळतात, तेथें मूल दृष्टीबरोबर अर्ध्या गोष्टींसही मुकतें; आणि दृष्टि देणें कोणाच्या हातीं नसलें, तरी गोष्ट सांगणें प्रत्येकाच्या हातीं आहे.