‘मिसळलेला द्राक्षारस’ म्हणजे काय?



पेठ तालुक्यातील एका पाड्यावर प्रार्थना संपल्यावर एक बाई म्हणाल्या, “भाऊ, माझा घरवाला विचारतो, बायबलात द्राक्षारस चालतो, मग आमच्या मोहाच्या दारूलाच पाप का म्हणता?” घरधनी हंगामात दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत कामाला जातो. आठवड्याची मजुरी गुत्त्यावरच संपते.

मी नीतिसूत्रे 23:30 उघडले. तेथे ‘मिम्साख’ हा इब्री शब्द आहे. ‘मासाख’ म्हणजे मिसळणे, त्यावरून तो आला. यशया 1:22 मध्ये पाणी घातलेला द्राक्षारस ही नगराच्या अधोगतीची खूण आहे. म्हणून मिम्साख म्हणजे चव व कैफ वाढवण्यासाठी मसाले घातलेला द्राक्षारस, असा अर्थ बहुतेक अभ्यासक घेतात. तो शोधत फिरणाऱ्याच्या वाट्याला काय येते, तेही त्याच ठिकाणी सांगितले आहे: हळहळ, भांडणे, विनाकारण जखमा, लाल डोळे.

बाई हळूच म्हणाल्या, “हे तर आमच्याच घरचं लिहिलंय.”

पण त्याच धातूचे क्रियापद नीतिसूत्रे 9:2 मध्येही येते. तेथे ज्ञान स्वतः द्राक्षारस मिसळते, मेज मांडते आणि भोळ्यांना घरात जेवायला बोलावते. पहिला प्याला घर मोडतो. दुसरा जीवनाच्या मार्गावर आणतो. वचन द्राक्षारसाचे नाव घेते, तेव्हा यांपैकी कोणत्या प्याल्याविषयी बोलते, हे आधी पाहावे.

पुढच्या रविवारी घरधनी मागच्या बाजूला येऊन बसला होता. या कुटुंबासाठी प्रार्थना करा.