मोहोरबंद कंटेनर आणि उपग्रहाचा पहारा: समज आणि वस्तुस्थिती

परदेशातून आलेल्या मालावरील सीमाशुल्क अद्याप वसूल झालेले नसताना तो माल बंदराच्या आवारातून बाहेर काढून शेकडो मैल आत, एखाद्या कोरड्या बंदरापर्यंत किंवा थेट शेजारच्या राष्ट्राच्या सरहद्दीपर्यंत, नेण्याची मुभा जेव्हा दिली जाते, तेव्हा सरकारी खजिन्याच्या दृष्टीने तो सारा प्रवास जोखमीचाच असतो. कारण वाटेत कुठे कंटेनर उघडून माल देशी बाजारात गुपचूप उतरवला गेला, तर जकात बुडते आणि जो व्यापारी ती इमानेइतबारे भरतो, तो स्पर्धेत मार खातो. ह्या जोखमीवर उपाय म्हणून अनेक देशांच्या सीमाशुल्क खात्यांनी कंटेनरच्या दाराला इलेक्ट्रॉनिक सील लावून त्याचा माग उपग्रहांच्या साहाय्याने ठेवण्याची पद्धत अवलंबिली आहे, आणि वृत्तपत्रांतून तिचे वर्णन ‘उपग्रहाची नजर’ अशा आटोपशीर शब्दांत होऊ लागल्यापासून तिच्याविषयी काही समजुती इतक्या दृढ झाल्या आहेत की खुद्द आयात-निर्यातीच्या व्यवसायातील माणसेही त्या बिनदिक्कत बोलून दाखवतात.

पहिली समजूत अशी की आकाशातील उपग्रह कंटेनरकडे पाहत असतो आणि तो कुठे आहे हे खात्याला कळवतो. वस्तुतः जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून केवळ स्वतःची स्थिती आणि अचूक वेळ अखंड सांगत असतात. ऐकणारा कोण आहे, किती जण आहेत, ह्याचा त्यांना पत्ताही नसतो. निदान चार उपग्रहांचे संदेश एकाच वेळी मिळाले म्हणजे सीलमधील यंत्र ते संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळांवरून आपले ठिकाण स्वतःच गणिताने काढते, आणि काढलेले ते ठिकाण खात्याच्या दफ्तरी पोहोचते ते बहुधा तुमच्या-आमच्या मोबाइलच्या मनोऱ्यांवरूनच. जेथे मनोरे नाहीत अशा ओसाड प्रदेशात किंवा भर समुद्रात निरोपही उपग्रहामार्फतच पाठवावा लागतो. परंतु त्यासाठी इरिडियमसारख्या निराळ्या उपग्रहमालिकेची सेवा विकत घ्यावी लागते आणि तिचा खर्चही निराळा पडतो. शिवाय जीपीएसचा संदेश भूमीवर येईतो इतका क्षीण झालेला असतो की जहाजाच्या पोटात, पोलादी पेट्यांच्या थरांखाली दडपलेल्या कंटेनरपर्यंत तो पोहोचतच नाही. मार्गात मोबाइलची व्याप्ती तुटली, तर चांगली यंत्रे आपल्या नोंदी साठवून ठेवतात आणि मनोरा सापडताच एकदम पाठवतात. त्यामुळे पडद्यावर काही तास निश्चल दिसलेला ट्रेलर त्या अवधीत मुकाट्याने वाट चालतच होता, असे कित्येकदा मागाहून उघड होते.

दुसरी समजूत ही की आजकाल प्रत्येक कंटेनरवर असा पहारा असतो. जगातील बहुसंख्य कंटेनरांवर मागोव्याचे कोणतेही यंत्र नसते; त्यांची ओळख म्हणजे दारावर रंगवलेला क्रमांक, ज्यात चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटी चौकटीतला एक पडताळा-अंक असतो, आणि हा शेवटचा अंक आधीच्या अक्षरांवरून व अंकांवरून ठरलेल्या गणिताने निघत असल्यामुळे कारकुनाने एखादा आकडा चुकवला तर ती चूक बहुधा तेथल्या तेथे पकडली जाते. जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर आयातदाराला आपला माल ‘दिसतो’, तो ह्या क्रमांकाने झालेल्या नोंदींच्या आधारे: फाटकातून आत आला, जहाजावर चढला, उतरला. मधल्या प्रवासात नकाशावर सरकताना दिसते ते जहाज, आणि आपली पेटी त्या जहाजात आहे म्हणून तीही तेथेच असावी, असे अनुमान आपण करतो.

ह्यातच आणखी एक घोटाळा मिसळतो. न्हावा शेवा येथे 2016 साली लॉजिस्टिक्स डेटा बँकेच्या योजनेखाली कंटेनरांना आरएफआयडीचे टॅग लावण्यास आरंभ झाला, आणि 2017 साली वस्तू व सेवा कर आल्यानंतर निर्यातदारांनी आपल्या कारखान्यात स्वतःच कंटेनर भरून त्याला आरएफआयडीचे ई-सील लावावे, अशी व्यवस्था केंद्रीय उत्पादन शुल्क व सीमाशुल्क मंडळाने सुरू केली. हे दोन्ही प्रकार ‘उपग्रहवाले’ म्हणून सर्रास ओळखले जातात. पण आरएफआयडीला आपण कुठे आहोत हे ठाऊकच नसते. फाटकावरचा किंवा अंमलदाराच्या हातातला वाचक त्याच्याजवळ आला म्हणजे ते आपला क्रमांक सांगते. मग त्या क्रमांकाशी जोडलेले शिपिंग बिल, कंटेनरचा व ट्रेलरचा क्रमांक, सील लावल्याचा दिनांक व वेळ ही माहिती ताडून पाहिली जाते. पनवेलच्या वाटेवर तो ट्रेलर कुठे थांबला होता, हे त्या सीलला विचारून उपयोग नाही.

उपग्रहाधारित मागोव्याची पद्धत आपल्या देशात खऱ्या अर्थाने पाहावयाची, तर ती नेपाळच्या मालात पाहावी. नेपाळला समुद्रकिनारा नाही. त्याचा माल कोलकाता, हल्दिया किंवा विशाखापट्टणम येथे उतरून भारताच्या भूमीवरून वीरगंजकडे जातो. पूर्वी त्यासाठी बंदरात संक्रमणाचे घोषणापत्र दाखल करायचे, जकातीच्या रकमेची हमी द्यायची, सील तपासून घ्यायचे, आणि सरहद्दीवरील अंमलदाराचा शेरा झालेली प्रत परत बंदरात आली म्हणजे मगच जबाबदारीतून मोकळे व्हायचे, असा पायंडा होता. 2019 साली ह्या वाहतुकीसाठी स्वतंत्र विनियम निघाले. त्यांनुसार बंदरातच इलेक्ट्रॉनिक सील लावून कंटेनर पुढे पाठवला जातो, वाहतुकीची जबाबदारी वाहकावर राहते, आणि आयातीचे सोपस्कार नेपाळच्या सीमाशुल्क कचेरीत होतात. सील पाहावे तर दाराच्या उभ्या दांड्यांभोवती आवळलेली पोलादी दोरी आणि तिला जोडलेली, आत बॅटरी असलेली एक पेटी, इतकेच. दोरी कापली गेली, ठरलेला मार्ग सोडला किंवा अनपेक्षित मुक्काम झाला, तर सूचना निघते. प्रवास संपल्यावर यंत्र काढून पुन्हा पुढच्या खेपेला वापरतात.

येथे तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत घातक, समजूत उभी राहते: असे सील लागले की चोरी अशक्य. सील चोराला अडवीत नाही. ते केवळ कळवते. कळवल्यानंतर कोण धावणार, किती वेळात पोहोचणार, आणि त्याला थांबवण्याचा, तपासण्याचा, जप्तीचा अधिकार आहे की नाही, ह्या प्रश्नांचे उत्तर कोणत्याही उपग्रहापाशी नाही. केनिया, युगांडा आणि रवांडा ह्या देशांनी 2017 साली मोंबासा बंदरातून आतल्या देशांत जाणाऱ्या मालासाठी सामायिक मागोवा-व्यवस्था सुरू केली, तेव्हा सीलांबरोबरच रस्त्यावर गस्त घालणारी शीघ्रकृती पथकेही नेमली, ती ह्याच जाणिवेने. पथकाविना सील म्हणजे नुकसानीची वेळ आणि जागा बिनचूक लिहून ठेवणारा कारकून.

चौथी समजूत कंटेनरच्या आतल्या मालाविषयी आहे. दार उघडले नाही, एवढेच सील सांगू शकते. कापडाच्या नावाखाली आत इलेक्ट्रॉनिक माल भरला असेल, तर यंत्र तो निर्विघ्नपणे मुक्कामी पोहोचल्याची ग्वाही देईल. असा माल पकडण्यासाठी क्ष-किरण तपासणी, कागदपत्रांची छाननी आणि शेवटी प्रत्यक्ष उघडून पाहणे, हे जुनेच मार्ग आहेत. सीलला हात न लावता दाराच्या सांध्यांशी खटपट करणारे महाभागही असल्यामुळे अनुभवी अंमलदार सीलबरोबर बिजागऱ्या आणि रिबिटेही न्याहाळतो.

संदेशांत व्यत्यय आणणाऱ्या यंत्रांची भीती मात्र पूर्णतः निराधार म्हणता येत नाही. अमेरिकेत नेवार्कच्या विमानतळाजवळ एका ट्रकचालकाने आपल्या मालकाला ठावठिकाणा कळू नये म्हणून लावलेल्या अशा यंत्रामुळे विमानतळावरील जीपीएसच्या कामात अडथळा आला, आणि 2013 साली त्याला सुमारे 32 हजार डॉलरांचा दंड ठोठावण्यात आला. पण खात्याच्या दृष्टीने यंत्राचे अकस्मात मौन हीच एक सूचना असते.

ह्या सर्वांमुळे कागद संपले, असेही कोणी समजू नये. सीमाशुल्क अधिनियम 1962 चाच आहे आणि मालाची जबाबदारी त्यातील कलमांनीच ठरते. यंत्रातील नोंद हा पुरावा म्हणून जोडला जातो.

आयात करणाऱ्या लहान व्यापाऱ्यांना म्हणून एवढेच सांगणे आहे की कंटेनर गोदामाशी आला म्हणजे मोबाइलवरचा नकाशा बाजूला ठेवून आधी दाराशी जावे आणि सीलवरील क्रमांक बिल ऑफ लेडिंगमधील क्रमांकाशी ताडून पाहावा. दोन्हींत फरक दिसला, तर तो सीमाशुल्काच्या तपासणीनंतर बदललेल्या सीलमुळेही असू शकतो, म्हणून आधी आपल्या एजंटाकडे चौकशी करावी. आणि खुलासा मिळाला नाही, तर छायाचित्र काढून, ट्रेलरचालकासमक्ष लेखी शेरा घेऊन, जहाज कंपनीला व विमा कंपनीला कळवल्याशिवाय सील तोडू नये.