घरच्या संगणकाचे कुलमुखत्यारपत्र

पनवेल तालुक्यातील ज्या कुटुंबांच्या जमिनी सिडकोच्या संपादनात गेल्या, आणि ज्यांना त्यांच्या मोबदल्यादाखल साडेबारा टक्के योजनेतील किंवा विमानतळाच्या परिसरात साडेबावीस टक्क्यांतील विकसित भूखंड मिळाले, त्यांच्या घरी कागदपत्रांना केवढे मोल आहे हे बाहेरच्यास सहजी उमगणारे नाही. कारण सातबारा, फेरफार, वारसनोंद, इरादापत्र आणि करारनामे यांवरच तेथील एकेका घराण्याची मिळकत उभी आहे. या दस्तऐवजांच्या प्रतिमा आज घरच्या संगणकात असतात, आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागल्यावर तर मूळ उताराच संगणकात उतरवून घेण्याची वहिवाट पडली. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे या वसाहतींतून पहाटे लोकल पकडणाऱ्या नोकरदारांच्या घरीही आयकराची विवरणपत्रे, विम्याच्या पॉलिसी, आधारच्या प्रती आणि बँकेचे व्यवहार त्याच यंत्रात साठलेले असतात. आणि असा हा संगणक पुष्कळ घरी, कळ दाबताच, समोर कोण बसले आहे याची चौकशी न करता थेट कामाच्या पडद्यावर येतो. ही सोय ठेवावी की मोडावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. माझ्या मते आज घरातील थोड्याच प्रश्नांना एवढे महत्त्व असेल.

पासवर्डची पद्धत मुळात घरात जन्मलेली नव्हे. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नान्डो कोर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनी एकच मोठा संगणक अनेकांना एकाच काळी वापरता यावा अशी जी व्यवस्था सिद्ध केली, तीत प्रत्येकाच्या फायली इतरांपासून पृथक् राहाव्यात आणि नेमून दिलेल्या वेळेचा हिशेब राहावा म्हणून पासवर्ड योजण्यात आला. आणि पुढच्याच वर्षी ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने, आपल्या वाट्याचा वेळ अपुरा पडतो या सबबीवर, साऱ्यांचे पासवर्ड असलेली फाईलच छापून घेतली. घरगुती संगणक मात्र एकाच धन्याची वस्तू म्हणून आला. विंडोज ९५ मध्ये पासवर्ड विचारणारी चौकट येई, पण ती रद्द करूनही पुढे जाता येत असे. २००१ च्या विंडोज एक्सपीत घरी एकच खाते असले आणि त्यास पासवर्ड नसला, तर ती चौकटही दिसत नसे. त्या काळी घरच्या संगणकात गाणी, छायाचित्रे, खेळ आणि चार पत्रे यांपलीकडे फारसे काही नसल्यामुळे त्या मोकळेपणाने नुकसान होत नव्हते. पुढे यंत्राच्या पोटातील ऐवज बदलला, २०२० च्या टाळेबंदीत मुलांची शाळा आणि वडिलांची कचेरी एकाच पडद्यावर भरू लागली, तरी उघडण्याची सवय जुनीच राहिली.

आपोआप प्रवेश होतो म्हणजे पासवर्ड नाहीसा होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः विंडोजमध्ये खात्यास पासवर्ड असेल तर तो संगणकाने आपल्यापाशीच ठेवलेला असतो आणि आपल्या वतीने तोच तो भरतो. विंडोजमध्ये रजिस्ट्री नावाचे जे अंतर्गत दप्तर आहे, त्यात ही तजवीज हाताने केली तर पासवर्ड सरळ वाचता येईल अशा अक्षरांत नोंदला जातो. विंडोजच्या स्वतःच्या साधनाने केली तर तो कूटरूपात राहतो, तरी प्रशासकाचे अधिकार मिळालेल्या प्रोग्रामला तो उलगडता येतो. परंतु खरी जोखीम याहून पुढे आहे. ब्राउझर आपले ईमेलचे, खरेदीचे आणि शासकीय संकेतस्थळांचे पासवर्ड जपून ठेवतो, तेही कूटरूपातच; पण त्या कूटाची किल्ली बहुधा विंडोजच्या त्या खात्यातील प्रवेशाशीच निगडित असते. प्रवेश झाला की संगणकाच्या दृष्टीने समोर बसलेली व्यक्ती ही प्रत्यक्ष मालकच. जमिनीच्या व्यवहारात वावरलेल्या पनवेलकरास हे एका शब्दात सांगता येईल: आपोआप उघडणारा संगणक म्हणजे खुर्चीत जो बसेल त्याच्या नावे आगाऊ स्वाक्षरी करून ठेवलेले कुलमुखत्यारपत्र होय. विशेषतः ईमेल ज्याच्या हाती गेला त्याच्या हाती बाकीची खातीही जातात, कारण पासवर्ड विसरल्याचे सांगितले की नवा ठरविण्याचा दुवा बहुधा त्याच ईमेलवर येतो.

जपलेल्या पासवर्डांचे कुलूप प्रवेशाशी निगडित असते, याचे प्रत्यंतर लिनक्स वापरणाऱ्यांना रोजच येते. उबुंटूमध्ये स्वयंचलित लॉगिन चालू केले की पडदा विनासायास उघडतो खरा, पण ब्राउझर उघडताच जपलेल्या पासवर्डांची पेटी पुन्हा पासवर्ड मागते, कारण त्या पेटीचे कुलूप ज्या पासवर्डाने निघावयाचे तो कोणी भरलेलाच नसतो. या पृच्छेला कंटाळून अनेक जण पेटीचा पासवर्ड रिकामा ठेवतात, आणि मग आतील सर्व काही कूटाविना पडून राहते. ॲपलच्या मॅकमध्ये फाईलव्हॉल्ट ही डिस्क कूटबद्ध करण्याची सोय चालू असेल तर आपोआप प्रवेशाची मुभाच मिळत नाही. मला तो निर्णय सर्वांत सरळ वाटतो.

यावर घरोघरी जो आक्षेप घेतला जातो तो मनापासूनचा असतो: घरातल्या माणसांपासून काय लपवायचे? काहीच नाही, आणि हा प्रश्न घरच्यांवरील अविश्वासाचा नाहीच. परंतु संगणक बिघडला की तो दुरुस्तीसाठी दोन दिवस दुकानात राहतो. घरी शिकवणीची मुले येतात, भाडेकरू येतात, पाहुणे उतरतात. लॅपटॉप गाडीतून प्रवास करतो. काही विपरीत घडलेच तर कायदा अपराध्यास शासन करील. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६ क कलमान्वये दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण गेलेला पैसा त्यायोगे परत येईलच असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकास पुष्कळ संरक्षण दिले, तथापि ग्राहकाच्याच हलगर्जीने नुकसान झाले असता बँकेस कळवीपर्यंतचा सारा तोटा त्याने सोसावा, असेही त्यात नमूद आहे.

हाताने लॉगिन करण्याचा त्रासही आता पूर्वीइतका राहिलेला नाही. विंडोजमध्ये आता लांब पासवर्डाऐवजी छोटा पिन चालतो, आणि तो छोटा म्हणून दुबळा ठरत नाही. कारण तो त्याच यंत्रापुरता ग्राह्य असतो, दूरदेशीच्या चोरास तो कळूनही निरुपयोगी, आणि जवळच्याने पुनःपुन्हा चुकीचे अंक भरले तर यंत्र त्यास अडवते. मात्र दिवसातून एकदा पिन भरून नंतर झाकण मिटून जाणाऱ्यांनी, झोपेतून जागा होताना संगणक पुन्हा पिन विचारतो की नाही, हे सेटिंगमध्ये अवश्य पाहावे.

तरीही लॉगिनला सर्वशक्तिमान मानण्याची चूक होऊ नये. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडली की विंडोजचा पासवर्ड कोणी विचारीत नाही. त्यापासून रक्षण होते ते केवळ संपूर्ण डिस्क कूटबद्ध केल्याने. तसेच ईमेलमधून आलेली फसवी फाईल आपणच उघडली, तर आपल्याच अधिकारात ती आत शिरते, आणि तेथे पासवर्डाचा पहारा संपलेला असतो. म्हणून रोजच्या कामाचे खाते साधे असावे आणि प्रशासकाचे खाते निराळे, केवळ नवा प्रोग्राम बसविण्यापुरते वापरावे. दुरुस्तीस देतानाही आपला पिन सांगण्याऐवजी डिस्क कूटबद्ध असल्याची खात्री करून कामापुरते वेगळे साधे खाते काढून द्यावे. काम प्रशासकाच्या अधिकाराविना होणारच नसेल, तर कागदपत्रांची प्रत बाह्य डिस्कवर घेऊन मूळ फायली आधी काढून टाकाव्यात.

आपोआप प्रवेशास मी सरसकट मज्जाव करणार नाही. ज्या आजोबांची बोटे थरथरतात, ज्यांना केवळ कीर्तने ऐकावयाची आणि नातवंडांशी दूरभेट करावयाची आहे, त्यांच्यासाठी एक साधे खाते करावे, त्यात ईमेल, बँक आणि कागदपत्रे यांतील काहीही ठेवू नये, आणि ते खुशाल आपोआप उघडू द्यावे. पावसाळ्यात वीज जाऊन आली की त्यांना कोणाची वाट पाहावी लागणार नाही. घराच्या ऐवजाचे खाते मात्र वेगळे, आणि ते पिनावाचून उघडू नये.

आता जी हानी चोरावाचूनही होते तिच्याविषयी. नव्या विंडोज ११ संगणकांत डिस्क पुष्कळदा आपोआपच कूटबद्ध होते, मालकास त्याची वार्ताही नसते, आणि एखादा भाग बदलल्यानंतर यंत्र ४८ अंकांची पुनर्प्राप्तीची किल्ली मागू लागते. ती नसेल तर मालकासही स्वतःचे दप्तर कायमचे बंद होते. ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात नोंदलेली असते. ती आजच पाहून कागदावर छापून घ्यावी, आणि मुख्य पासवर्डही त्याच कागदावर लिहून ठेवावेत. पासवर्ड कागदावर लिहू नये हा उपदेश कचेरीच्या टेबलासाठी योग्य आहे, घरासाठी नव्हे. कुलपात ठेवलेल्या कागदापर्यंत दूरचा चोर पोचू शकत नाही. तो कागद संगणकाच्या पिशवीत न ठेवता स्वतंत्र जागी ठेवावा, पासवर्ड बदलला की त्याच दिवशी कागदही बदलावा, आणि तो कोठे आहे हे घरातील निदान एका माणसास सांगून ठेवावे.