परमुलुखात वाढलेला गोव्याचा वास्तुकार

पेडणे-डिचोलीकडच्या नाटकवेड्या मंडळींना पणजीच्या कला अकादमीतली मराठी नाट्यस्पर्धा ठाऊक असते. पण ती वास्तू कोणी रचली, असे वर्गात विचारले की बहुधा शांतता पसरते.

ते चार्ल्स कोरिया. मूळचे गोमंतकीय, पण जन्म १९३० साली सिकंदराबादचा. शिक्षण अमेरिकेत आणि १९५८पासून व्यवसाय मुंबईत. परमुलुखात वाढलेल्या या माणसाने मांडवीकाठी जी इमारत उभारली, तिला मात्र गोव्याच्या घराचा स्वभाव आहे. ती बुटकी, ऐसपैस, रस्त्यावरून नदीपर्यंत मोकळी. वर मांडवासारखी सावली, खाली बसायला कट्टे. मराठीत कट्टा, कन्नडमध्ये कट्टे. गप्पांना दोन्ही सारखेच! आत नाट्यगृहाच्या भिंतींवर मारियो मिरांडांनी चितारलेले प्रेक्षक.

कोरिया २०१५ साली गेले. पुढे अकादमीचे नूतनीकरण निघाले आणि ते चालू असतानाच जुलै २०२३मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले.

मला वाटते, वास्तू जपायची तर तिच्यामागचा विचारही जपायला हवा. आपणही घराची पडवी बंद करून खोली काढतो. त्याआधी तिथे कोण कोण येऊन बसत असे, एवढे तरी आठवून पाहावे.