खंडाळ्याचा घाट गाडी चढते कशी, उतरते कशी

कर्जत ते लोणावळा हे रेल्वेचं अंतर २८ किलोमीटर. तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटरहून जास्त उंची गाठते. हे कसं जमतं ते आपण कर्जतपासून टप्प्याटप्प्याने पाहू. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो : घाटात खरी काळजी चढण्याची नसते, उतरण्याची असते. इंजिन कुठे लावायचं, गाडी कुठे थांबवायची, हे बरंचसं त्याच काळजीतून ठरलेलं आहे.

आधी चढ समजून घेऊ. या घाटात सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर जाते. मोटारीला एवढ्या चढाचं काहीच वाटत नाही. रेल्वेचं तसं नाही. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं आणि दोघांमधली पकड फार थोडी असते. सपाटीवर त्याचा फायदाच होतो, थोड्या ताकदीत प्रचंड वजन हलतं. चढावर तोच गुण अंगाशी येतो.

हिशेब सोपा आहे. वीस-बावीस डब्यांची गाडी प्रवाशांसकट १००० टनांची धरू. ३७ ला १ च्या चढावर ती सतत साधारण २७ टनांच्या जोराने मागे सरकू पाहते. पुढच्या इंजिनाला एवढा जोर पेलावा लागतोच, शिवाय वळणांवरचं घर्षण असतं आणि चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवायची असते. पाऊस भुरभुरला की पकड आणखी घटते. गंमत म्हणजे धो धो पावसापेक्षा ही भुरभुर जास्त त्रास देते. जोराच्या सरीत रूळ धुऊन निघतो, पण हलक्या सरीत धूळ आणि तेल यांचा निसरडा थर तयार होतो. अशा वेळी चाक जागच्या जागी गरगरतं. त्यावर उपाय म्हणून इंजिनावर वाळूच्या पेट्या असतात. चालक कळ दाबतो आणि चाकापुढे रुळावर वाळू पडते.

तरीही एकट्या इंजिनाला हा चढ पेलत नाही, म्हणून कर्जतला गाडी थांबते. आपण वडापाव घेत असतो तेव्हा गाडीच्या शेपटाला जादा इंजिनं जोडली जातात. त्यांना बँकर म्हणतात. एकच जोडलं तरी बँकर, दोन-तीन जोडली तरी बँकरच. मागून हलका धक्का बसला की ते जोडलं गेलं असं समजावं.

जादा इंजिन पुढेच का लावत नाहीत, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. पुढून सगळा जोर लावला तर तो ताण पहिल्या डब्याच्या कपलिंगवर, म्हणजे दोन डबे जोडणाऱ्या आकड्यावर येतो. आकडा तुटला तर मागचे डबे उताराला लागणार. बँकर मागून रेटतो, त्यामुळे आकड्यावरचा ताण कमी होतो, आणि दुर्दैवाने गाडी तुटलीच तरी उताराच्या बाजूला अडवायला इंजिन उभं असतं. पुढचा आणि मागचा चालक यांचा मेळ इथे फार महत्त्वाचा. पुढच्याने जोर कमी केला आणि मागचा रेटतच राहिला, तर मधले डबे दाबले जातात आणि वळणावर रुळावरून घसरू शकतात. पूर्वी हा मेळ शिट्ट्यांच्या ठरलेल्या खुणांवर चालायचा, आता वॉकीटॉकी हाताशी असते.

चढ याहून फार तीव्र असला तर नुसत्या चाकांवर भागत नाही. तमिळनाडूतल्या निलगिरी रेल्वेत कल्लार ते कुन्नूर हा चढ काही ठिकाणी साधारण १२ ला १ आहे. तिथे दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत आणि इंजिनाखालचं दातेरी चाक त्यांत अडकत वर जातं. पट्ट्या दोन असतात आणि त्यांचे दाते मागेपुढे ठेवलेले असतात, त्यामुळे कोणता ना कोणता दाता कायम पकडीत राहतो. आणि तिथेही इंजिन उताराच्याच बाजूला असतं, बरं का.

आपल्या घाटाचं काम १८६३ साली पुरं झालं. तेव्हा सलग चढ आखणं जमलं नव्हतं. खंडाळ्याजवळ गाडी एका टोकाशी थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला जोडलं जायचं आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढायची. पुढे १९२९ च्या सुमारास नवे बोगदे खोदून हा उलटफेर काढून टाकला. मूळ घाट खोदताना तापाने, कॉलऱ्याने आणि अपघातांनी असंख्य मजूर दगावले. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, आणि हे मला फार सलतं.

लोणावळ्याला बँकर सुटतात. चढणीचं काम संपलं.

आता पुण्याहून येणारी गाडी. तिच्या ब्रेकची तपासणी उतार लागण्याआधीच होते. ब्रेक हवेचे असतात. सगळ्या डब्यांखालून एक नळी जाते, तिच्यात हवा दाबून भरलेली असते आणि दाब उतरला की ब्रेक लागतात. म्हणजे नळी तुटली तर ब्रेक आपोआप लागतात, ही फार शहाणपणाची रचना आहे. पण तिला मर्यादा आहे. उतारावर ब्रेक सारखा लावला आणि सोडला, तर डब्यांखालच्या हवेच्या टाक्यांत पुन्हा पुरेशी हवा भरायला वेळ मिळत नाही. सतत घासून ब्रेकचे गुटके तापतात आणि पकड ढिली पडते. घात होतो तो इथे. म्हणून उताराला सुरुवातीपासूनच वेग कमी ठेवतात, एकदा वाढू दिलेला वेग नंतर आवरणं कठीण जातं. इंजिनाच्या मोटरींचाही ब्रेकसारखा उपयोग होतो. गाडी उतरताना त्या उलट वीज तयार करतात आणि वेग रोखून धरतात. आताच्या इंजिनांत ही वीज वरच्या तारेत परत जाते.

तरीही गाडी आवरली नाहीच, तर? त्यासाठी मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी मुख्य रुळाला एक फाटा काढलेला आहे. त्याला कॅच साइडिंग म्हणतात, म्हणजे सुटलेली गाडी अडवणारा रूळ. तो चढत्या बाजूला जातो, त्यामुळे भरकटलेल्या गाडीचा वेग चढणीवर जिरतो. सांधा, म्हणजे रूळ बदलणारी जोडणी, एरवी या फाट्याकडेच वळवलेला असतो. गाडी आधी पूर्ण थांबते, ती ताब्यात आहे याची खात्री पटते आणि मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो. स्टेशन नाही, प्रवाशांची चढउतार नाही, तरी गाडी का उभी राहिली, असं आपल्याला खिडकीत बसून वाटतं, त्याचं हे कारण.

पावसाळ्याआधी आणखी एक काम होतं. रेल्वेची हिल गँग दोर बांधून कड्यांवर चढते, सैल झालेले दगड शोधते आणि पहारीने आधीच खाली पाडते. पाडलेले दगड उचलायला वेगळी गाडी येते, तिला बोल्डर स्पेशल म्हणतात. जिथे दगड पाडता येत नाहीत, तिथे कड्यावर पोलादी जाळ्या बसवतात.