मागं फिरायची जागा

मंडळी, आमच्या भोसरी, पिंपरी, चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा सगळा भार एकाच वेळी पडू नये म्हणून औद्योगिक भागांना निरनिराळे वार वाटून दिले गेले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. पोरांची शाळा मात्र रविवारी बंद. त्यामुळं बाप घरी असतो तेव्हा पोरं शाळेत, आणि पोरं घरी असतात तेव्हा बाप मशीनवर! दोघांना एकदम मिळणाऱ्या सुट्ट्या वर्षातून मोजक्याच. त्यातली एक पंधरा ऑगस्टची. झेंडावंदन झालं की दिवस मोकळा. आणि दिवस असतात ऐन पावसाचे.

अशाच एका पंधरा ऑगस्टला आम्ही भीमाशंकरला निघालो. मी, बायको, आई आणि दोन मुलं. मोठ्याला शेकरू बघायचा होता. शेकरू म्हणजे झाडाच्या शेंड्यांवरून उड्या मारत जाणारी, झुपकेदार शेपटीची मोठी खार. हा आपला राज्यप्राणी. त्याच्या रक्षणासाठी १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं. लोक याला सर्रास 'नॅशनल पार्क' म्हणतात, पण ते राष्ट्रीय उद्यान नव्हे. राष्ट्रीय उद्याने महाराष्ट्रात सहा. त्यांतली सह्याद्रीच्या बाजूची दोनच, बोरिवलीचं आणि चांदोलीचं. राष्ट्रीय उद्यानात चराई आणि वस्तीचे हक्क राहत नाहीत. अभयारण्यात गावं आणि त्यांचे काही हक्क राहू शकतात. भीमाशंकरच्या रानात महादेव कोळी समाजाची गावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हा फरक त्या दिवशी आमच्या उपयोगी पडला. कसा, ते पुढं सांगतो.

सकाळी भोसरीत पावसाची भुरभुर होती. चाकणच्या चौकात नेहमीची कोंडी. राजगुरुनगर सोडलं, मंचरला पोहोचलो तर चक्क ऊन! आई म्हणाली, "बघ, देव पावला." मंचरला डावीकडं वळून घोडेगाव गाठलं आणि आभाळ काळं झालं. डिंभे धरणाच्या पुढं पाऊस असा कोसळायला लागला की वायपर पुरेना. पोखरीचा घाट चढू लागलो तर धुकं. दीड-दोन तासांच्या वाटेत आम्ही तीन ऋतू पाहिले.

हे असं का होतं? अरबी समुद्रावरून येणारे ओलसर वारे कोकण ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात. पुढं वाट नाही म्हणून वर चढतात. वर गेलं की हवा थंड होते, थंड हवेत वाफ मावत नाही, तिचं पाणी होतं आणि ते घाटमाथ्यावर कोसळतं. माथा ओलांडून पूर्वेला उतरेपर्यंत ढग बरेचसे रिते झालेले असतात. म्हणून पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस आणि भीमाशंकरला त्याच्या चौपटीहूनही जास्त. भोसरीतल्या खिडकीतून दिसणारा पाऊस आणि आपण ज्या पावसात निघालो तो पाऊस, हे दोन वेगळे पाऊस आहेत.

म्हणून रेडिओवर हवामानाचा अंदाज ऐकताना नुसतं 'पुणे' ऐकून कान मिटू नका. पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यासाठी इशारा वेगळा दिला जातो, तो ऐका. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, आणि लाल म्हणजे आता कृती करा. सहलीपुरतं बोलायचं तर नारिंगीला बेत पुढं ढकला आणि लालला घराबाहेर पडूच नका.

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत साधारण ६५ ते ११५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५ ते २०४ म्हणजे अति मुसळधार. हे आकडे ऐकून काही डोळ्यांपुढं येत नाही. आपल्या भाषेत सांगतो. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. आपल्या सोसायटीत उन्हाळ्यात येतो तसा एक मोठा टँकर. एकरात ४० गुंठे, म्हणजे एकराला ४० टँकर. आता डोंगराची एक बाजू शेकडो एकरांची धरा आणि मनाशी गुणाकार करा. हे सगळं पाणी उतारावरून खाली येतं, आणि खाली आपला रस्ता असतो.

यातलं काही पाणी जमिनीत मुरतं. सह्याद्रीचा खडक काळा बसाल्ट, टणक. त्याच्यावर माती आणि कुजलेल्या खडकाचा थर. पाणी मातीत मुरतं, पण खालच्या टणक खडकापाशी अडतं. माती जड होते, तिच्या कणांतली पकड सुटते आणि अख्खा थर घसरतो. याच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर आला आणि १५० हून अधिक माणसं गाडली गेली. बाहेरच्या जगाला पहिली खबर मिळाली ती एसटीच्या चालकाकडून. रोजच्या फेरीवर तो तिथं पोहोचला, तर ओळखीचं गाव जागेवर नव्हतं. वाचलेल्यांसाठी जवळच नवं गाव उभं राहिलं, तिथली घरं २०१७ साली मिळाली. डिंभ्याच्या वळणावर मी मुलांना हे सांगितलं, तेव्हा गाडीतली गाणी आपोआप बंद झाली.

घाट चढून वर गेलो. पुढं एका ओढ्यावरच्या बुटक्या पुलापाशी पाच-सहा गाड्या थांबलेल्या. पुलावरून वीतभर पाणी वाहत होतं. एक जीप बघता बघता पार गेली. माझाही पाय ॲक्सिलरेटरवर गेला. अगदी खरं सांगतो, मनात हिशेब सुरू होता. एवढं पेट्रोल जाळलं, मुलं वर्षभर वाट बघत होती, भीमाशंकर आता हाताशी आलेलं.

तेवढ्यात डोक्यावर इरलं घेतलेले एक आजोबा खिडकीपाशी आले. म्हणाले, "पाव्हणं, पान्याचा रंग बघा. सकाळी नितळ व्हतं, आता लाल आलंय. वर कुठं तरी माती सुटलीया. मागं फिरा." मागून बायको म्हणाली, "अहो, ऐका त्यांचं." मी गाडी वळवली. मोठा मुलगा मंचरपर्यंत एक शब्द बोलला नाही.

त्या दिवशी पुढं काही झालं का? काहीच नाही. आमच्या माघारी त्या पुलावरून गाड्या गेल्याही असतील. पण आजोबांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, एकाएकी वाढणं किंवा पावसात उलट कमी होणं, उतारावर नव्या भेगा दिसणं, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, या डोंगर सुटत असल्याच्या खुणा आहेत. आणि वाहत्या पाण्याचं म्हणाल, तर वीतभर खोल, पण वेगाचं पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलतं. फूटभर पाणी छोटी मोटार ढकलू शकतं, दोन फुटांत मोठ्या गाड्याही तरंगायला लागतात. शिवाय गढूळ पाण्याखाली पूल शाबूत आहे की वाहून गेलाय, हे वरून दिसत नाही. जीप पार गेली म्हणून आपलीही जाईल, हा हिशेब खोटा असतो.

आता कारखान्यातली एक गोष्ट सांगतो. नव्या मशीनवर माणूस आला की ती सुरू कशी करायची, हे नंतर शिकवतात. आधी दाखवतात ते लाल बटण, मशीन थांबवायचं. कारण ऐन गडबडीत बटण शोधायला वेळ नसतो. सहलीचंही तसंच असावं. मागं कुठं फिरायचं, हे घरीच ठरवा. पूल पाण्याखाली असेल तर फिरायचं. धुक्यात पुढचं वळण दिसेनासं झालं तर फिरायचं. ठरलेली वेळ टळली तर, जिथं असू तिथून फिरायचं. हे सगळ्यांसमक्ष, मुलांसमक्ष ठरवा. म्हणजे आयत्या वेळी वाद होत नाही आणि चालवणाऱ्याच्या फुशारकीलाही जागा राहत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवा, वरचा झोत धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांत येतो. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. दरडीच्या पायथ्याशी भज्यांसाठी गाडी लावू नका. ओढ्यात, धबधब्यात मुलांना उतरवू नका. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर कोसळलेला पाऊस काही मिनिटांत खाली येतो. अलीकडच्या वर्षांत इथले काही धबधबे आणि जंगलवाटा वनखात्यानं पावसाळ्यात बंद ठेवल्या आहेत, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. रानात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. म्हणून कुठल्या रस्त्यानं जातोय आणि कधी परतणार, हे घरी कुणाला तरी सांगून ठेवा. संकटात ११२ हा क्रमांक आहेच. आणि वाटेत गावकरी थांबवत असेल तर थांबा. तो पाऊस त्याचा रोजचा आहे, आपला वर्षातून एका दिवसाचा.

शेकरू आम्ही पुढं डिसेंबरात पाहिला. आभाळ निरभ्र होतं, रस्ता कोरडा. मुलानं मान वर करून पुष्कळ वेळ बघितलं. परतताना तो पूल आला. खाली ओढा असा नव्हताच, नुसते दगड. मुलगा म्हणाला, "बाबा, एवढ्याशाला घाबरलो होतो आपण?"

मी म्हटलं, "हो. आणि पुन्हा पावसात आलो तर पुन्हा घाबरू."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)