घर घेताना आणि विकताना : आधी कागद, मग इसार

धान्याचे पोते घेताना आपण मूठभर दाणे हातावर घेऊन पाहतो. लाकूड घेताना गाठ पाहतो, कापड घेताना वीण पाहतो. पाच-दहा हजारांच्या मालासाठी एवढी दक्षता घेणारा आपला व्यापारी किंवा कारागीर घर घेताना मात्र ‘माणूस ओळखीचा आहे, मोहल्ल्यातलाच आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवून इसार देऊन टाकतो. वीस-पंचवीस वर्षांची बचत अशी एका संध्याकाळी दुसऱ्याच्या हाती जाते आणि पुढची दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात जातात. विकणाऱ्याचीही तीच गत. त्याचा हेतू चांगला असतो. पण कागद अपुरे असल्यामुळे ऐनवेळी व्यवहार मोडतो आणि वर बदनामी पदरी येते. म्हणून घर घेण्यापूर्वी आणि विकण्यापूर्वी काय पाहावे, याची माहिती येथे क्रमाने देत आहोत.

मालक कोण, हे कशावरून ओळखावे?

कोल्हापुरात पुष्कळ लोक घरफाळ्याची पावती दाखवून ‘घर माझ्या नावावर आहे’ असे सांगतात. घरफाळा, पाणीपट्टी किंवा वीजबिल हा मालकीचा पुरावा नव्हे. महापालिका कर वसूल करण्यासाठी एखादे नाव लावते, त्याने मालकी ठरत नाही.

शहरातील जुन्या पेठांत सिटी सर्व्हे झालेला आहे. ए, बी, सी, डी आणि ई अशा वॉर्डांप्रमाणे प्रत्येक मिळकतीला सिटी सर्व्हे नंबर आहे. या नंबरावरून नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढावे. उपनगरातील व खेड्यांतील जमिनीसाठी सातबारा उतारा आणि त्यावरील सर्व फेरफार काढावेत. उतारा विकणाऱ्याने दिलेला न घेता स्वतः नवा काढावा. मिळकत पत्रिकेवरील क्षेत्र चौरस मीटरमध्ये असते. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट, हा हिशेब करून जागेवर टेप लावून मोजून पाहावे.

प्रॉपर्टी कार्डावर नाव असले तरी तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. ते नाव कोणत्या दस्ताने लागले, तो दस्त पाहिला पाहिजे. त्यासाठी वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध घ्यावा. नोंदणी झालेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरही पाहता येते. मिळकत पूर्वी कोणाला विकली आहे का, बँकेकडे किंवा पतसंस्थेकडे गहाण आहे का, कोर्टात दावा चालू आहे का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वारसांचा हिस्सा

आपल्या समाजातील घरांचे सर्वाधिक व्यवहार येथेच अडतात. वडील वारले, घर थोरल्या मुलाच्या ताब्यात राहिले, घरफाळा तो भरतो, म्हणून तोच घर विकायला निघतो. परंतु मुस्लिम व्यक्तिगत कायद्याप्रमाणे मृत्यूच्या क्षणीच प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला असतो. एका वारसाने केलेली विक्री फक्त त्याच्या हिश्श्यापुरती लागू होते. इतरांच्या हिश्श्याला ती बाधत नाही.

उदाहरण घेऊ. एका कारागिराच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली आहेत. कर्ज व इतर देणी फिटली आहेत आणि घराची किंमत ४८ लाख रुपये आहे. पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे ६ लाख. उरलेल्या ४२ लाखांत मुलाला दोन भाग व मुलीला एक भाग या प्रमाणे सहा भाग होतात; एक भाग ७ लाखांचा. म्हणजे प्रत्येक मुलाला १४ लाख आणि प्रत्येक मुलीला ७ लाख. दोन भावांनी मिळून घर विकले, तर घेणाऱ्याला २८ लाखांचाच हक्क मिळतो. राहिलेल्या २० लाखांच्या मालक आई आणि दोन बहिणी आहेत. पैसे मात्र त्याने पूर्ण ४८ लाखांचे मोजलेले असतात.

बहीण लग्न होऊन सांगलीला किंवा बेळगावला गेली, तिला लग्नात दिले-घेतले, म्हणून तिचा हिस्सा संपत नाही. ती स्वखुशीने सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. जवळच्या नात्यातील अशा दस्ताला मुद्रांक शुल्कही नाममात्र लागते. मात्र तिच्या संकोचाचा फायदा घेऊन कोऱ्या कागदावर सही घेणे कायद्यात टिकत नाही आणि न्यायालाही धरून नाही. सर्वांत सरळ मार्ग हा की खरेदीपत्रावर सर्व वारसांनी सह्या कराव्यात आणि प्रत्येकाच्या हिश्श्याची रक्कम त्याच्या-तिच्या खात्यात जावी.

वारसांत अज्ञान मूल असेल तर विशेष काळजी घ्यावी. वडिलांच्या पश्चात आई मुलाचा सांभाळ करते. पण त्याच्या स्थावर मिळकतीची कायदेशीर पालक ती आपोआप होत नाही. तिने, चुलत्याने किंवा मोठ्या भावाने परस्पर केलेली विक्री त्या मुलाच्या हिश्श्यापुरती रद्दबातल ठरते. अशा वेळी जिल्हा न्यायालयातून पालक नेमून घेऊन विक्रीची परवानगी घ्यावी लागते.

तोंडी हिबा झाला आहे, असेही अनेकदा सांगितले जाते. देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि प्रत्यक्ष ताबा देणे या तीन गोष्टी झाल्या असतील तर तोंडी हिबा कायद्याने वैध आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये हे मान्य केले. परंतु पुढे तो सिद्ध करणे कठीण जाते आणि बँक त्यावर कर्ज देत नाही. म्हणून हिब्याचा दस्त नोंदवून घेणे शहाणपणाचे. वसीयतनाम्यावरून विक्री होत असेल, तर एक तृतीयांशाहून अधिक मिळकतीची किंवा एखाद्या वारसालाच दिलेली वसीयत इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही, हे लक्षात ठेवावे.

जमीन कोणत्या प्रकारची आहे?

जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कोल्हापूर परिसरात देवस्थान इनामाच्या जमिनी बऱ्याच आहेत. त्यांचा विचार वेगळाच करावा लागतो. वक्फची मिळकत तर विकताच येत नाही. १९९५ च्या वक्फ कायद्यात २०१३ साली झालेल्या दुरुस्तीने अशी विक्री रद्दबातल ठरवली आहे. दर्गा, मशीद किंवा कब्रस्तानालगतची जागा घेताना वक्फ मंडळाच्या यादीत तिची नोंद आहे का, हे तपासल्याशिवाय एक पैसाही देऊ नये.

शहराच्या कडेला एक-दोन गुंठ्यांचे तुकडे शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर आणि नोटरीच्या शिक्क्यावर विकले गेले आहेत. नोटरीने मालकी बदलत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. केवळ वटमुखत्यारपत्रावर घर ‘घेतल्याने’ मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात स्पष्ट केले आहे. मंजूर रेखांकन आणि बिनशेतीचे कागद पाहूनच असा प्लॉट घ्यावा.

पुराची रेषा

कोल्हापुरात घर घेताना पंचगंगेला विचारल्याशिवाय सौदा करू नये. राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांवर गेले आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या पुढे. सुतारवाडा, शुक्रवार पेठ, दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली येथील रहिवाशांना हे सांगायला नको.

पाटबंधारे खात्याने आखलेल्या दोन रेषा आहेत. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर निर्बंध आहेत. दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोत्याच्या उंचीसारख्या अटींवर परवानगी मिळते. त्यामुळे ‘जुने घर पाडून दुमजली बांधू’ या विचाराने पैसे घालण्यापूर्वी महापालिकेच्या नगररचना विभागात त्या सिटी सर्व्हे नंबरची स्थिती लेखी विचारावी. शेजारच्या भिंतीवरील पाण्याच्या खुणाही पाहाव्यात. तळमजल्यावर शिलाई यंत्रे, कच्चा माल किंवा भट्टी ठेवणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने ही चौकशी किमतीइतकीच महत्त्वाची आहे.

नवी सदनिका घेताना

महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा अस्तित्वात आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घेऊन संकेतस्थळावर मंजूर नकाशा, पूर्ण होण्याची तारीख आणि दावे पाहावेत. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प या नोंदणीतून सुटतात, तेथे दक्षता दुप्पट घ्यावी. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. दर चटई क्षेत्रावर ठरवावा. ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्र मागावे. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे.

इसार, मुद्रांक आणि पैसे

इसार थोडा द्यावा आणि लेखी द्यावा. पावतीत एकूण किंमत, मुदत, उरलेल्या कागदांची जबाबदारी आणि व्यवहार मोडल्यास इसाराचे काय होणार, हे स्पष्ट लिहावे. त्यानंतर वर्तमानपत्रात वकिलामार्फत जाहीर नोटीस द्यावी व हरकतींची मुदत संपल्यावरच पुढची रक्कम द्यावी.

घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदाराने एक टक्का कर कापून भरायचा असतो. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के व त्यावर १ टक्का स्थानिक अधिभार लागतो. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांहून अधिक नाही. निवासी घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांकात १ टक्का सवलत आहे. शुल्क सौद्याची किंमत आणि रेडीरेकनरचे मूल्य यांपैकी जास्त रकमेवर बसते. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला सादर करावा.

‘निम्मे पांढरे, निम्मे काळे’ असा आग्रह होत असेल तर विकणाऱ्याने जास्त विचार करावा. पुढे वाद झाल्यास दस्तात नसलेली रक्कम कोणत्याही कोर्टात मागता येत नाही.

विकणाऱ्यासाठी

ग्राहक शोधण्यापूर्वीच वारसांची नावे प्रॉपर्टी कार्डावर लावून घ्यावीत, घरफाळ्याची थकबाकी भरावी, जुन्या कर्जाचा बोजा कमी करून घ्यावा. भाडेकरू असेल तर तसे आधीच सांगावे. मालातील दोष लपवून विकू नये, हा बाजारातला नियम घरालाही लागू आहे. वडिलोपार्जित घर असल्यास १ एप्रिल २००१ चे मूल्य मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाकडून काढून ठेवावे. भांडवली नफ्याचा कर त्यावरून ठरतो. प्रत्येक वारसाने आपापल्या हिश्श्याचा हिशेब स्वतंत्र करावा. दोन वर्षांत दुसरे राहते घर घेतले, तर नियमानुसार सवलत मिळते. पूर्ण रक्कम खात्यात जमा होण्यापूर्वी ताबा आणि मूळ कागद देऊ नयेत.

खरेदीनंतर काम संपत नाही. सिटी सर्व्हे, घरफाळा, पाणी आणि वीज या चारही ठिकाणी नाव बदलून घ्यावे. हे राहून गेले तर आज आपण ज्या अडचणीतून वाट काढली, तीच अडचण उद्या आपल्या मुलांपुढे उभी राहते.

चांगल्या वकिलाची फी घराच्या किमतीपुढे फार थोडी असते. ती वाचवण्याच्या नादात घर गमावू नये. कागद आधी पाहावेत, घरातल्या सर्वांना, विशेषतः आई-बहिणींना, समोर बसवून बोलावे आणि मगच इसाराला हात घालावा.